रोग्याचा वर्ण आणि इस्पितळाचे माप

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा दिसली. तोही विषय बोलण्यासारखा आहेच. पण गेली काही वर्षे आम्ही एका निराळ्याच गोष्टीच्या मागे लागलो आहोत. ती गोष्ट म्हणजे अमेरिकेतील काळ्या लोकांचे आरोग्य आणि त्यांना तिथल्या इस्पितळांत मिळत आलेली वागणूक. फाउंड्री कामगारांची युनियन चालविणाऱ्या माणसाला हा नसता उद्योग कशाला, असे कोणी विचारील. त्याला एवढेच सांगतो की, आमच्या एका सभासदाच्या छातीमुळे आम्ही या वाटेला लागलो. ती हकीकत पुढे येईल. आम्ही डॉक्टर नाही, कॉलेजची पायरीही चढलेलो नाही. जे कळले ते वाचनालयातील पुस्तकांतून, भरपाईच्या प्रकरणांतील कागदांतून आणि ओळखीच्या डॉक्टरांना भंडावून सोडून कळले. (एके काळी आपल्याकडील मासिकांतून या लोकांना सर्रास 'निग्रो' म्हणत. तो शब्द त्यांनी स्वतःच टाकला आहे, तेव्हा आम्हीही टाकतो.)

आधी एक आकडा. २०२३ साली अमेरिकेत दर एक लाख जन्मांमागे बाळंतपणाच्या कारणाने मरण पावलेल्या गोऱ्या माता होत्या १४.५, आणि काळ्या माता ५०.३. आपल्या महाराष्ट्राचा २०१८ ते २०२० या काळातील सरकारी आकडा ३३ आहे. दोन देशांची मोजण्याची रीत एक नाही, म्हणून ही तुलना फार ताणू नये. पण जगातील सर्वांत श्रीमंत देशात असा आकडा निघावा हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. गरिबीमुळे असे होते म्हणावे, तर तेही पुरे पडत नाही. पदवीधर काळ्या बाईला बाळंतपणातील मृत्यूचा जो धोका आहे, तो शाळाही पुरी न केलेल्या गोऱ्या बाईपेक्षा अधिक आहे, असे तिथल्या सरकारी आरोग्य खात्याच्याच पाहणीत निघाले.

याची दोन स्पष्टीकरणे लोक देतात. एक, काळ्यांचे शरीरच निराळे. दुसरे, डॉक्टरांच्या मनात अढी. पहिले बहुतांशी खोटे आहे. दुसऱ्यात तथ्य आहे, पण त्यावर भागवले की कामगार चळवळीच्या माणसाला करण्यासारखे काही उरत नाही. माणसाच्या मनात शिरून अढी कोण काढणार? आम्हाला असे दिसले की या विषमतेचा मोठा भाग कायद्यात, पैशाच्या वाटपात, यंत्रात आणि गणिताच्या सूत्रात बसलेला होता, आणि या गोष्टी माणसाला बदलता येतात. त्या बदलल्याही गेल्या आहेत. कशा, ते सांगायचे आहे.

आरंभ उघड्या भेदापासून करू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या रेड क्रॉसने १९४२ पासून काळ्या रक्तदात्यांचे रक्त घेतले खरे, पण ते निराळे ठेवले. रक्ताला वर्ण नसतो हे तिथल्या शास्त्रज्ञांना ठाऊक होते. तरी ही रीत १९५० पर्यंत चालली. १९४६ साली इस्पितळे बांधण्यासाठी सरकारी पैसा देणारा हिल-बर्टन कायदा झाला. त्यात भेदभाव नको असे लिहिले होते, आणि त्याच कायद्यात काळ्यांसाठी 'निराळी पण समान' सोय चालेल अशी पळवाटही होती. कर सर्वांचा आणि वॉर्ड दोन! समान किती, ते सांगायला नकोच.

नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ग्रीन्सबरो गावी जॉर्ज सिमकिन्स नावाचे एक काळे दंतवैद्य होते. त्यांच्या एका रोग्याची दाढ पिकून चेहरा सुजला, ताप चढला. काळ्यांच्या इस्पितळात खाट नाही, आणि सरकारी पैसा घेतलेल्या गोऱ्यांच्या इस्पितळात प्रवेश नाही. सिमकिन्स व त्यांचे सहकारी डॉक्टर १९६२ साली कोर्टात गेले. खालच्या कोर्टात हरले, वरच्या कोर्टात १९६३ च्या नोव्हेंबरात जिंकले, आणि 'निराळी पण समान' ही पळवाट बेकायदा ठरली. पुढच्याच वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेला वर्णभेद करता येणार नाही, असे त्याच्या सहाव्या प्रकरणात आले.

कायदा झाला म्हणून इस्पितळे बदलतात असे थोडेच आहे? आपल्याकडे कायद्यांना काय तोटा? बदल घडला तो वेगळ्या मार्गाने. १९६५ साली म्हाताऱ्या माणसांच्या औषधोपचाराचा खर्च सरकारने उचलण्याची 'मेडिकेअर' योजना मंजूर झाली आणि १ जुलै १९६६ पासून ती सुरू व्हायची होती. सरकारने अट घातली की, ज्या इस्पितळात वॉर्ड, खोल्या, कँटीन, डॉक्टरांची नेमणूक यांत वर्णभेद आहे, त्याला या योजनेचा एक पैसाही मिळणार नाही. तपासणीसाठी सुमारे हजार माणसे इकडून तिकडून गोळा केली आणि चार-एक महिन्यांत त्यांनी देशभरची इस्पितळे पालथी घातली. कुठे कुठे तपासनीस येणार म्हणून काळे-गोरे रोगी एका खोलीत आणून ठेवीत, आणि तो गेला की पुन्हा निराळे करीत. ही लबाडी उघडकीला कोणी आणली? त्याच इस्पितळांतील काळ्या झाडूवाल्यांनी, आयांनी, स्वयंपाकघरातील नोकरांनी. रात्री गुपचूप भेटून ते तपासनिसांना खरी हकीकत सांगत. नोकरी जाण्याची भीती असताना सांगत, हे आम्हाला फार मोठे वाटते. जुलै उजाडेतो बहुतेक इस्पितळांनी आपल्या पाट्या उतरवल्या होत्या. शंभर वर्षांच्या उपदेशाने जे झाले नाही, ते बिले अडतील या धाकाने चार महिन्यांत झाले.

त्याचे फळ मोजता आले. दक्षिणेच्या खेड्यांतून, विशेषतः मिसिसिपी राज्यात, काळी बाळे जुलाबाने आणि न्यूमोनियाने मरत. सलाईन आणि औषधे वेळेवर मिळाली तर हे मरण टळते. १९६५ नंतरच्या पाच-सहा वर्षांत ही बालमृत्यूंची संख्या झपाट्याने उतरली, असे अर्थशास्त्रज्ञांनी पुढे जुने दप्तर तपासून दाखवले. त्या बाळांचे शरीर जन्मतः कमजोर होते की इस्पितळाचे दार बंद होते, याचे उत्तर यातच आले.

या बदलाची किंमतही पडली. काळ्यांनी पैपै जमवून चालवलेली किंवा त्यांच्यासाठी म्हणून बांधलेली इस्पितळे एकामागून एक बंद पडली. सेंट लुईस शहरातील होमर फिलिप्स इस्पितळात काळ्या डॉक्टरांच्या पिढ्या तयार झाल्या होत्या. ते १९७९ साली, लोकांचा विरोध असताना, बंद झाले. दार उघडले, पण घर गेले.

आणि दार उघडले ते रोग्यांसाठी. आत काम करणाऱ्यांचे काय? साउथ कॅरोलिनातील चार्ल्स्टन शहरात सरकारी वैद्यकीय कॉलेजच्या इस्पितळात काळ्या बायका रोग्यांची सेवा करीत. पगार तासाला १ डॉलर ३० सेंट, आणि गोऱ्या परिचारिकांकडून होणारा अपमान वर. १९६९ च्या मार्चमध्ये त्यांच्यातील बारा जणींना कामावरून काढले, तेव्हा चारशेच्यावर कामगार संपावर गेले. त्यांत बहुतेक बायकाच होत्या. न्यूयॉर्कची ११९९ नंबरची युनियन पाठीशी उभी राहिली. वर्षापूर्वीच मारले गेलेले मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा किंग मोर्च्यात आल्या. राज्य सरकारने नॅशनल गार्ड उतरवले, शेकड्यांनी अटका केल्या. संप शंभर दिवस चालला. तो मिटण्याचे एक मोठे कारण पुन्हा तेच: केंद्र सरकारने भेदभावाबद्दल इस्पितळाचे अनुदान रोखण्याची भाषा केली. बारा जणी कामावर परत आल्या, पगार वाढला, तक्रार ऐकण्याची पद्धत ठरली. युनियनला मान्यता मात्र मिळाली नाही. मान्यतेवाचून संप मिटवणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच कळेल. तरी ज्या बाईला स्वतःच्या पगाराबद्दल तोंड उघडता येत नाही, तिला रोग्याच्या हालांबद्दल तरी कुठून उघडता येणार?

येथवरची गोष्ट डोळ्यांना दिसणारी होती. यापुढची दिसत नाही, आणि आमचा खरा विषय तीच आहे.

नळीत फुंकायला लावून फुप्फुसाची ताकद मोजणारे यंत्र, स्पायरोमीटर, आमच्या फाउंड्रीतील माणसांना चांगले ओळखीचे आहे. इंग्लंडातील हचिन्सन नावाच्या डॉक्टरने १८४० नंतरच्या दशकात ते तयार केले. थोड्याच वर्षांत ते अमेरिकेच्या दक्षिणेत पोहोचले आणि कार्टराइट नावाच्या एका डॉक्टरच्या हाती पडले. हे गृहस्थ गुलामगिरीचे कैवारी. काळ्यांच्या फुप्फुसात गोऱ्यांपेक्षा शेकडा वीस हवा कमी मावते, म्हणून शेतातील सक्तीची मेहनत त्यांच्या प्रकृतीला हितकर आहे, असा त्यांनी १८५१ च्या सुमारास सिद्धांत मांडला. मळ्यावर राबणारा, अर्धपोटी, धुराच्या झोपडीत राहणारा माणूस आणि त्याचा मालक यांची फुंकर एकाच तराजूत तोलायची आणि फरक निघाला तो रक्ताचा म्हणायचा! गुलामगिरी गेली; आकडा राहिला. फिरत फिरत तो वैद्यकाच्या पुस्तकांत आला आणि अखेरीस यंत्राच्या आतच बसवला गेला. रोगी काळा असेल तर बटण दाबायचे; यंत्र त्याचा 'अपेक्षित' आकडा शेकडा दहा-पंधराने आपोआप कमी करते.

याने होते काय, ते हिशेबाने पाहा. एका उंचीच्या, एका वयाच्या गोऱ्या माणसाकडून ४ लिटर अपेक्षित आहेत आणि त्याने ३.२ फुंकले, म्हणजे शेकडा ८०, तब्येत काठावर. तेवढ्याच उंचीच्या काळ्या माणसाने तेवढेच ३.२ फुंकले. पण त्याच्याकडून अपेक्षा ३.४ चीच, म्हणून तो शेकडा ९४. ठणठणीत! जा कामावर. फुंकर तीच, धूळ तीच. एक भरपाईला पात्र ठरण्याच्या जवळ, आणि दुसरा कुठल्या कुठे लांब. १९९९ साली बाल्टिमोर येथे ॲसबेस्टॉसने छाती गेलेल्या कामगारांच्या दाव्यांत ओवेन्स कॉर्निंग या कंपनीने उघडच मागणी केली की, काळ्या दावेदारांना निराळे, अधिक कडक माप लावावे. तेव्हाच पुष्कळांना कळले की हे माप आहे.

कामगाराच्या छातीची आणि वर्णाची ही सांगड जुनी आहे. वेस्ट व्हर्जिनियात गॉली ब्रिजजवळ १९३० साली एका बोगद्याचे काम निघाले. खडक जवळजवळ शुद्ध सिलिका. पाणी न मारता सुके ड्रिलिंग केले की काम लवकर उरकते, म्हणून सुकेच केले. आत काम करणाऱ्यांत चारांतले तीन काळे, दूरच्या गावांहून आलेले. दम लागून माणसे पडू लागली, तेव्हा कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला न्यूमोनिया म्हटले, 'टनेलायटिस' म्हटले. सिलिकोसिस म्हटले नाही. १९३६ साली संसदेच्या चौकशीत ४७६ मृत्यूंचा आकडा आला. पन्नास वर्षांनी डॉ. चर्नियाक यांनी नोंदी तपासून तो निदान ७६४ असावा असे मांडले. तडजोडीत जी काही रक्कम वाटली, त्यातही काळ्यांना गोऱ्यांपेक्षा कमी. ते काम युनियन कार्बाइडच्या एका उपकंपनीचे होते. हे नाव आपल्याला १९८४ च्या भोपाळमुळे माहीत झाले. पलीकडे ते पन्नास वर्षे आधीच माहीत होते.

मूत्रपिंडाची गोष्ट याहून सरळ आहे. रक्तातील क्रिएटिनिन मोजून, सूत्रात घालून, मूत्रपिंड किती चालते याचा अंदाज काढतात. १९९९ साली रूढ झालेल्या सूत्रात आणि २००९ च्या सुधारलेल्या सूत्रातही, रोगी काळा असला तर उत्तराला गुणायचे असे ठरले. २००९ च्या सूत्रात हा गुणक १.१६ च्या आसपास होता. काळ्यांचे स्नायू अधिक भरीव असतात, ही समजूत त्यामागे होती. आता अमेरिकेत मूत्रपिंड बदलण्याच्या यादीत दिवस मोजायला सुरुवात होते ती हा आकडा २० वर उतरला म्हणजे. गोऱ्याचा १९ आला की त्याचे नाव लागले. काळ्याचा तोच १९ गुणून २२ होतो, त्याने थांबायचे. आपल्या भाषेत सांगायचे तर दोघे एकाच दिवशी कामावर लागले, पण एकाची ज्येष्ठता त्या दिवसापासून आणि दुसऱ्याची वर्षभराने.

ही गोष्ट वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनी आणि काळ्या डॉक्टरांनी लावून धरली. २०२१ साली तिथल्या मूत्रपिंडतज्ज्ञांच्या संस्थांनी वर्ण वगळून नवे सूत्र दिले. पण पुढे जे झाले ते आम्हाला विशेष वाटते. जानेवारी २०२३ पासून सर्व केंद्रांना हुकूम झाला की, यादीतील काळ्या रोग्यांची जुनी दप्तरे काढा आणि ज्या दिवशी त्यांचे नाव लागायला हवे होते त्या दिवसापासून त्यांचे दिवस धरा. चौदा हजारांहून अधिक लोकांची तारीख अशी मागे नेली गेली. चूक सुधारली असे म्हणून पुढची तारीख देणारे व्यवस्थापन आम्ही जन्मभर पाहत आलो; मागील तारखेपासून थकबाकीसह देणारे क्वचित.

आणि बोटाला लावायचा तो ऑक्सिमीटर. हा तर आता आपल्या घरोघरी आहे. बोटातून लाल उजेड आणि डोळ्यांना न दिसणारा उजेड सोडून रक्तातील प्राणवायू ताडायचा, ही त्याची रीत. कातडी काळी असली तर तिचा रंगही उजेड खातो, आणि यंत्रांची पारख मुख्यतः उजळ कातडीच्या माणसांवर झालेली. २०२० च्या डिसेंबरात मिशिगनच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केले की, यंत्र ९२ ते ९६ दाखवीत असताना धमनीतील रक्त तपासले, तर प्राणवायू प्रत्यक्षात ८८ च्या खाली गेलेले काळे रोगी शंभरात ११.७ निघाले, गोरे ३.६. हा दोष नवा नव्हता. १९९० सालीच तो छापून आला होता. तीस वर्षे तो ग्रंथालयात पडून राहिला. त्याच २०२० साली आपल्याकडे 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई हेच यंत्र घेऊन दारोदार फिरल्या आणि ९५ च्या खाली आहे की वर, यावर माणसाने घरी राहायचे की पुढे तपासणीला जायचे, हे ठरत होते. आपल्यात गव्हाळ आहेत, सावळे आहेत, ठार काळेही आहेत. आपल्या कातडीवर त्या यंत्राची पारख झाली होती का, असे तेव्हा कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

फुप्फुसाच्या मापाचे पुढे काय झाले? २०२३ साली अमेरिकेच्या छातीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने वर्णाची वजावट सोडून सर्वांना एकच कोष्टक वापरण्याची शिफारस केली. येथे एक गाठ आहे, आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे नाही. नव्या मापाने अनेक काळ्या माणसांची छाती अधिक दुबळी ठरते. म्हणजे भरपाई मिळणे सोपे होते. माजी सैनिकांचा अपंगत्वाचा भत्ता वाढतो. पण आगीच्या बंबावरची नोकरी, जिथे छातीचा किमान आकडा मागतात, तीही त्याच आकड्याने हातची जाऊ शकते. कर्करोगाच्या रोग्याला शस्त्रक्रिया झेपणार नाही असेही ठरू शकते. तेव्हा माप बदलले की न्याय झाला, असे नाही. त्या मापावर नोकरी, भरपाई आणि उपचार यांच्या रेघा कोणी कुठे मारल्या, तेही पाहावे लागते, आणि त्या रेघा मारताना कामगाराचा माणूस त्या खोलीत असावा लागतो.

आता आमच्या सभासदाची हकीकत. फेटलिंग खात्यात वीस वर्षे काढलेला माणूस. जिना चढताना दम लागू लागला. एका इस्पितळात त्याला फुंकायला लावले. कागदावर आले शेकडा ८३, शेरा: सामान्य. त्या कागदावर एक रकाना होता, 'अपेक्षित' असा. आम्ही तंत्रज्ञाला विचारले, "हा अपेक्षित आकडा कुणाच्या छातीचा?" तो भला मुलगा म्हणाला, "काका, ते मशीनच काढतं." खोदून विचारता कळले की यंत्रात युरोपियन लोकांचे कोष्टक आहे आणि हिंदी माणूस म्हणून त्यातून शेकडा दहा वजा होतात. ही पद्धत आपल्याकडे कित्येक ठिकाणी आहे. ते दहा वजा केले नसते, तर आमच्या माणसाचे ८३ चे ७५ झाले असते आणि शेरा निराळा पडला असता.

डॉक्टर मंडळी म्हणतात, आणि त्यात चूक नाही, की सरासरीने आपली छाती त्यांच्यापेक्षा लहान भरतेच. बांधा निराळा आहे हे एक कारण. पण लहानपणी पोटाला काय मिळाले, चुलीचा धूर किती गेला, हेही कारण आहे, आणि यातले किती कशामुळे हे त्या सरासरीवरून सुटे करता येत नाही. उपासमारीने खुरटलेली छाती हीच 'अपेक्षित' धरली, तर धुळीने झालेले नुकसान तिच्यात सहज लपून जाते.

यावर आम्हाला जो उपाय सापडला तो एका वृद्ध छातीरोगतज्ज्ञाने सुचवला: माणसाची तुलना युरोपियनाशी नको नि सरासरी हिंदी माणसाशीही नको, त्याच्या स्वतःच्या जुन्या फुंकरीशी करा. भोपाळनंतर, १९८७ साली, फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली होती. धोकादायक कामावर लावण्यापूर्वी आणि नंतर निदान वर्षातून एकदा कामगाराची तपासणी करायची, तिच्या नोंदी ठेवायच्या आणि कामगाराला त्या पाहू द्यायच्या, असे त्यात आले. त्या धोकादायक कारखान्यांच्या यादीत फाउंड्र्याही होत्या. आम्ही व्यवस्थापनाकडे त्या नोंदी मागितल्या. दोन महिने फाईल सापडत नव्हती. तिसऱ्या पत्रावर सापडली. अकरा वर्षांचे अकरा कागद. त्यांतील तीन कोरे, नुसत्या सहीचे. उरलेल्या आठांवर लिटरचे आकडे होते. पहिल्यावर ३.८, शेवटच्यावर २.९. वयामानाने दरसाल थोडे उतरायचेच. पण ते धरूनही ही घट दुपटीहून अधिक भरते. त्या आठ कागदांच्या प्रती जोडून अर्ज वैद्यकीय मंडळापुढे गेला आहे. बाकीच्या खात्यांतील माणसांनीही आता आपापले कागद मागायला सुरुवात केली आहे. फेटलिंगमधून आतापर्यंत सतरा अर्ज झाले.